मृगातल्या ढगाचे पहिले छायाचित्र

दिवाळीच्या पणत्या मालवल्या, की रात्री अकराच्या सुमारास अंगणात येऊन पूर्वेकडे पाहावे. मृग नक्षत्र वर आलेले असते. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपल्याकडे लहान मूलही दाखवते. त्याच्या उजव्या अंगाला मंद ताऱ्यांची आखूड रांग आहे; तीतला मधला तारा किंचित धुरकट दिसतो. तो तारा नव्हेच. आतल्या तरुण ताऱ्यांच्या किरणांनी चेतून स्वतः प्रकाशणारा वायूचा तो ढग, म्हणजे तेजोमेघ.

पूर्वी ज्योतिषी दुर्बिणीला डोळा लावून त्याचे चित्र हाताने काढीत. एकाचे चित्र दुसऱ्याशी जुळत नसे; मग ढग बदलला की चितारणाराचा हात चुकला, याचा वाद!

न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी हा वाद छायाचित्राकडे नेला. वैद्यकी हा त्यांचा पेशा, आकाश ही हौस. हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज गावी त्यांची घरची वेधशाळा होती आणि पत्नी अॅना मदतीला. ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री त्यांनी ११ इंची दुर्बिणीला कोरड्या मसाल्याची काच लावली व ती ५१ मिनिटे उघडी ठेवली. आपला डोळा क्षणाचा प्रकाश पाहतो नि विसरतो. काच मात्र कवडी-कवडी साठवते. पण पृथ्वी फिरत असते, म्हणून दुर्बीणही यंत्राने ताऱ्यामागे फिरवावी लागते. ती जरा हुकली, की ठिपक्याची रेघ झालीच. तेजोमेघाचे ते जगातले पहिले छायाचित्र. १८८२ च्या मार्चमध्ये त्यांनी १३७ मिनिटांचा पल्ला गाठला, आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन हे दुसरे हौशी गृहस्थ. पेशा सांडपाण्याच्या इंजिनियरचा! ३० जानेवारी १८८३ ला त्यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून ३७ मिनिटांत जे चित्र घेतले, त्यात डोळ्याला कधी न दिसलेले तारे उमटले. डोळ्यापेक्षा काच अधिक पाहते, हे तेव्हा सिद्ध झाले. ड्रेपर यांना ते पाहायला मिळाले नाही. सव्वादोन महिन्यांनी चुकले.

त्या काचांना तांबडा रंग मात्र दिसत नसे, आणि या ढगातला हायड्रोजन तर तांबडाच. आजचे हौशी लोक कॅमेऱ्यातली तांबडा रंग अडवणारी काच त्यासाठीच काढून टाकतात.

अॅनाबाईंनी पतीच्या स्मरणार्थ हार्वर्ड वेधशाळेला पैसा दिला. त्यातून निघालेल्या ताऱ्यांच्या सूचीत सव्वादोन लाख तारे असून तिला हेन्री ड्रेपर यांचे नाव आहे.