नोकरी आणि कंत्राट : एका निवेदनाची दोन अंगे

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना जे निवेदन दिले, ते आपण वाचतो राखीव जागांपुरते. सनदी सेवेतील १०५६ अधिकाऱ्यांत अस्पृश्य वर्गाचा एकच, हा त्यातला आकडा मी दरवर्षी वर्गात सांगतो. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. माझ्यासारखा घराण्यातला पहिला पदवीधर महाविद्यालयात शिकवतो, तो या वाटेनेच.

पण त्याच निवेदनात कंत्राटांचीही तक्रार आहे. सार्वजनिक बांधकाम खाते तेव्हा बाबासाहेबांच्याच मजूर खात्याकडे होते. त्याच्या यादीवरील हजारावर कंत्राटदारांत अस्पृश्य एकच निघाला. या तक्रारीचा पाठपुरावा आपल्या चळवळीने फारसा केला नाही. भांडवल हा शब्दच आपल्याला शिवीसारखा वाटत आला, आणि त्याला कारणेही होती.

पिंपरीत हे दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी दिसतात. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सरकारी, म्हणून तिथवर राखीव जागा पोहोचल्या. पलीकडच्या खाजगी कारखान्यांच्या फाटकाशी मात्र त्या थबकल्या. पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले, फाटक तेच राहिले.

लातूर जिल्ह्यातील शिक्षकाचे चिरंजीव, स्थापत्य अभियंते मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री काढली, ती या पार्श्वभूमीवर. २०१० साली चिंचवडला दलित उद्योजकांचे प्रदर्शन भरले. चेंबरने सरकारी खरेदीत वाट्याची मागणी लावून धरली. २०१२ च्या आदेशाने केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांना ४ टक्के वाटा ठरला. नोकरीच्या तक्रारीला उत्तर वर्षभरात मिळाले, कंत्राटाच्या तक्रारीला ७० वर्षे लागली! त्यातही पहिल्या वर्षांत प्रत्यक्ष खरेदी ४ टक्क्यांच्या पुष्कळ खाली राहिली, आणि चाकणच्या खाजगी खरेदीखात्यांना तर हा आदेश लागूच नाही.

कांबळे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचे मोल मी मानतो. मात्र नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, हा चेंबरचा उपदेश मला अर्धाच पटतो. बाबासाहेबांनी दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या होत्या. आपला माणूस कंत्राटदार झाला, तर त्याच्याकडे रोजंदारीवर येणाऱ्या आपल्याच पोरांची हजेरी, भविष्यनिर्वाह निधी आणि पगाराची चिठ्ठी यांचे काय, हे चेंबरला विचारायचे कोणी?