छातीतील दडपण आणि अजीर्ण : ताणविषयक वैद्यकीय विचाराचा इतिहास (हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी सातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्याची भूमी हादरली. दोन्ही धक्क्यांची तीव्रता ४.५ इतकी नोंदविली गेली. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व परिसरातील गावांना जमिनीखालून येणारे आवाज त्यापूर्वीही परिचित होते. परिचित म्हणजे सवयीचे नव्हेत; ज्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिली, तेथे अशा आवाजाची सवय होणे कठीणच. भूकंपमापक यंत्र जमिनीच्या कंपाची नोंद करते. तो कंप थांबल्यानंतरही माणसाची छाती धडधडत राहते, श्वास पुरत नाही, जेवण पचत नाही. या तक्रारी हृदयाच्या, जठराच्या की मनाच्या, या प्रश्नाला वैद्यकाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

भाषा व आयुर्वेद यांतील साक्ष :

मराठी भाषेने हा प्रश्न फार पूर्वीच आपल्या परीने सोडविलेला दिसतो. भय वाटले की आपल्या तोंडचे पाणी पळते, घशाला कोरड पडते, पोटात गोळा उठतो, छातीवर दडपण येते आणि चिंतेत अन्न गोड लागत नाही. यांतील एकही प्रयोग केवळ अलंकारिक नाही. भीतीच्या क्षणी लाळेचे पाझरणे खरोखरच कमी होते व जठराची हालचाल मंदावते. हे शरीरशास्त्राने सिद्ध केले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बोलीभाषेला त्याचा अनुभव आधीपासूनच होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दुसऱ्या अध्यायात एक महत्त्वाचे निरीक्षण आहे. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरीही चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखदायक शय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात वातज हृद्रोगाच्या कारणांमध्ये शोकाचा समावेश आहे. अपचनाचे कारण ताटात न शोधता खाणाऱ्याच्या अवस्थेत शोधण्याची ही दृष्टी होती. मात्र तेथील उपपत्ती वातादी दोषांची आहे. आजची चेतासंस्था आणि तेथील वात यांना एकच मानण्याचा मोह अनेक लेखकांना होतो, तो टाळलेला बरा.

सैनिकाचे हृदय :

पाश्चात्त्य वैद्यकात प्रत्यक्ष निरीक्षणाची सुरुवात एका अपघाताने झाली. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार उडाला आणि जखम भरून येताना जठरापर्यंत जाणारे एक छिद्र तसेच राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी या छिद्रातून पचनाची क्रिया वर्षानुवर्षे पाहिली व १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. क्रोधाने आणि भयाने जठराचे अस्तर व त्यातील स्राव बदलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

छातीच्या तक्रारींचा इतिहास मात्र सैन्याच्या छावण्यांतून जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-१८६५) जेकब द कोस्टा यांच्याकडे असे सैनिक येत, की ज्यांच्या छातीत दुखे, धडधड होई, दम लागे. परंतु हृदयात दोष आढळत नसे. तीनशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. या सैनिकांपैकी अनेकांना अपचन, पोटफुगी व जुलाब यांचाही त्रास होता. छाती आणि पोट एकत्र बिघडतात ही गोष्ट अशा रीतीने नोंदली गेली. त्याच सुमारास ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर आर्थर मायर्स यांनी दोष घट्ट गणवेशाच्या व पट्ट्यांच्या माथी मारला होता! हिंगोलीच्या वाचकाला ही पार्श्वभूमी परकी वाटू नये. हैदराबाद कंटिंजंटची छावणी याच काळात हिंगोलीत होती. १९०३ मध्ये ते दल ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे शहरात अजून आहेत. पुढे पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक याच लक्षणांनी निकामी ठरले आणि थॉमस लुईस यांनी तिला श्रमजन्य विकार मानले.

चेतासंस्थेचा शोध :

या लक्षणांचा दुवा हाती आला तो प्रयोगशाळेत. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन १८९७ पासून क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत होते. मांजर घाबरले की ती हालचाल थांबते, हे त्यांच्या ध्यानी आले. इंग्लंडमध्ये जॉन लँग्ली यांनी १८९८ मध्ये स्वायत्त चेतासंस्था ही संज्ञा रूढ केली. संकटाच्या वेळी तिचा अनुकंपी भाग प्रबळ होतो, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचन तहकूब होते. संकट सरल्यावर परानुकंपी भागाने, विशेषतः व्हेगस चेतेने, गाडी पूर्वपदावर आणावयाची असते. संकट सरतच नसेल, तर हा समतोल ढळलेला राहतो. छातीचे स्नायू आवळलेले राहतात, श्वास उथळ व जलद होतो, जठर सावकाश रिकामे होते आणि आतड्याच्या चेता साध्या वायूनेही दुखू लागतात. शिवाय हृदय व अन्ननलिका यांच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोहोचतात; त्यामुळे दुखणे कोणाचे, हे रुग्णाला स्वतःलाही सांगता येत नाही.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताण दिलेल्या उंदरांच्या जठरात व्रण दाखविले आणि पुढे अनेक दशके पोटातील प्रत्येक व्रणाचे खापर चिंतेवर फुटले. १९८२ मध्ये बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना बहुसंख्य व्रणांमागे एक जिवाणू सापडला; त्यासाठी २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिजैविकांनी बरे होणाऱ्या कित्येक रुग्णांना तोवर ‘चिंता करू नका’ एवढाच सल्ला मिळाला होता.

भूकंप आणि हृदय :

याउलट, ताणाची तक्रार म्हणजे निव्वळ कल्पना, हा समजही टिकत नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला. एरवी तेथे दिवसाला सरासरी ४.६ व्यक्ती हृदयविकाराने अचानक दगावत. त्या दिवशी ही संख्या २४ झाली. जपानमधील निगाता प्रांतात २००४ च्या भूकंपानंतर ताकोत्सुबो या विकाराचे रुग्ण वाढले. यात तीव्र मानसिक आघाताने हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि चित्र थेट हृदयविकाराच्या झटक्यासारखे दिसते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात म्हणूनच दोन चुका सारख्याच महाग पडतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा किंवा सोडा घेऊन रात्र काढणारा रुग्ण खऱ्या झटक्यात मोलाचे तास गमावतो. दुसरीकडे, हृदयाचा आलेख व्यवस्थित आला की ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठविलेली स्त्री पुढच्या आठवड्यात तेच दडपण घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जाते. दुसरी चूक वैद्यकाची आहे, आणि द कोस्टांच्या सैनिकांपासून आजवर ती फारशी बदललेली नाही. शासनाने २०१५ मध्ये चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे, म्हणजे हिंगोलीही, होते. आशा कार्यकर्तीने शेतकऱ्याच्या घरी जाऊन ताण ओळखावा, ही त्यातील कल्पना योग्य दिशेची होती. कारण सोयाबीन किंवा हळदीचा भाव पडला म्हणून कोणी मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही, पोट बिघडले म्हणून मात्र दवाखान्यात जातो. तेथे केसपेपरवर ‘छातीत दुखते, अन्न पचत नाही’ एवढे लिहिले जाते. झोप लागते काय, कर्जाचा हप्ता कधीचा आहे, जमिनीतून आवाज येतो तेव्हा मुले कोठे निजतात, यांसाठी त्या कागदावर रकाना नसतो.