उंढेऱ्याचा हिशेब

एखादे औषध गुणकारी आहे असे कोणी सांगितले की आपण ‘कोणास गुण आला?’ एवढेच विचारतो. संख्याशास्त्रज्ञ विचारतो, ‘कोणाच्या मानाने?’ ह्या प्रश्नाचे मोल आपल्याकडील प्लेगच्या इतिहासात दिसून येते.

डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईस प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा १५४ कैदी स्वखुशीने पुढे आले. टोचलेल्यांत पुढे रोगी थोडे निघाले; परंतु जे आपण होऊन पुढे आले, ते मुळातच अधिक धट्टेकट्टे नसतील कशावरून? आमच्या भंडारदऱ्याच्या धो धो पावसात पेरलेले नवे बियाणे व संगमनेरकडील कोरड्या रानातील जुने बियाणे ह्यांचा कोणी निवाडा करू लागला, तर साधा शेतकरीही हसेल. रान एक हवे, पाऊस एक हवा.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी हा दोष पुष्कळसा टळला. तेथे घरोघरची सुमारे निम्मी माणसे टोचली, बाकीची तशीच ठेवली. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच! पुढे २८ कुटुंबांत प्लेग झाला. त्यांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले; टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. पहिल्या प्रमाणाने ह्या ७१ जणांत सुमारे २९ मृत्यू व्हावयाचे. एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडत नाही. मात्र हे आकडे वाचताना मला ती २६ माणसेच आधी दिसतात. लस दारी आली असूनही त्यांच्या वाट्यास आली नाही.

हाफकिन संख्याशास्त्रज्ञ नव्हते. विषमज्वर व पटकी ह्यांवरील लशींचे आकडे तपासून, तुलनेतील दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असले पाहिजेत, हा दंडक १९१५ साली मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे) व उडनी यूल ह्यांनी मांडला. तरीही निम्मी माणसे कोणती, हे माणसाने ठरविले की आवडनिवड शिरतेच. तिला ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी आळा घातला. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत कोणास औषध द्यावयाचे, हे यदृच्छेने ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ व केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ रोगी दगावले. त्या वेळी इंग्लंडात औषधच इतके थोडे होते की ते सर्वांस पुरणारे नव्हते. म्हणून निवड पाकिटावर सोपविण्यात हिल ह्यांस अन्याय वाटला नाही.