मिस दीक्षितची शाळा

बी.एड.च्या सराव पाठात मी 'फळा' म्हणायला गेलो आणि तोंडून 'फला' निघालं. मागच्या बाकांवर हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी निम्मे घरी 'डोळा'ला 'डोया' म्हणणारे अस्सल वऱ्हाडी होते. आज मी अकोल्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. 'ळ' सुधारला, पण तो हशा विसरलो नाही.

त्या दिवशी मला आठवली ती 'जबान संभाल के'. 1993 साली ही मालिका आली, तेव्हा मी अमरावतीत शाळेत होतो. 'माइंड युवर लँग्वेज' या इंग्रजी मालिकेवर ती बेतलेली होती. नाना प्रांतांचे लोक हिंदी शिकायला येतात, पंकज कपूर मास्तर आणि शाळेच्या कडक प्रमुख मिस दीक्षित म्हणजे शुभा खोटे. वर्गात त्यांचे सख्खे भाऊ विजू खोटे आणि मुलगी भावना बलसावर!

अब्बा मात्र त्यांना फार आधीपासून ओळखत होते. 1937 साली जन्मलेल्या शुभाताई रंगभूमीवरचे नट नंदू खोटे यांच्या कन्या. पोहण्यात आणि सायकल शर्यतीत नाव कमावलं आणि 'सीमा' (1955) मधून पडद्यावर आल्या. पुढे महमूद आणि धुमाळ यांच्यासोबत त्यांचं त्रिकूट जमलं. 'छोटी बहन', 'ससुराल', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो'. नायिका सुंदर दिसायची आणि विनोदी बाईने वेडंवाकडं दिसायचं, असा तो काळ. शुभाताई सुंदरही दिसल्या आणि महमूदसारख्या कसलेल्या नटासमोर विनोदात कुठे कमीही पडल्या नाहीत.

मला मात्र त्यांच्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. 'एक दूजे के लिए' (1981) मध्ये त्या नायिकेची आई आहेत. मुलीचं प्रेम तमिळ मुलावर, आणि या आईला तो मुलगा घरात नको. तिथे भाषेची भिंत दोन जीव घेते. बारा वर्षांनी त्याच बाई अशा शाळेच्या प्रमुख होतात, जिथे सगळ्या भाषांचे लोक एका बाकावर बसून चुकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

मालिकेत सगळंच निर्मळ होतं, असं म्हणणार नाही. प्रत्येक प्रांताचा, धर्माचा एक ठरलेला नमुना काढून त्यावर हसवलं जाई, आणि आज काही विनोद खटकतात. पण तिथे हसू सगळ्यांच्या वाट्याला यायचं. मास्तरही सुटायचे नाहीत आणि मिस दीक्षितही नाहीत. माझ्या सराव पाठात हसू एकाच बाजूने येत होतं. फरक तेवढाच, पण फार मोठा.

माझ्या वर्गात आता एक नियम आहे. कुणाच्या उच्चारावर जो हसेल, त्याने पुढचा उतारा उर्दूत वाचायचा. 'ख़' आणि 'ग़'शी झटापट झाली की तोही हसतो, आम्हीही हसतो आणि तास पुढे सुरू होतो.