प्रीअँप, घरगुती (इक्वलायझरसह)

रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ, कॅसेट डेक, टीव्ही आणि मोबाइल एकाच पेटीला जोडून त्यांचा आवाज पॉवर अँप्लिफायरकडे पाठवणारे उपकरण. जाहिरातीत त्याची थोरवी इक्वलायझरच्या पट्ट्यांवर मोजतात. सातारा-सांगलीकडे घरोघरी उरलेल्या जुन्या तबकड्यांना ते माप लागू पडत नाही. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे (1872–1937) गाणे 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे, आणि आजच्या प्रीअँपमधला फोनो विभाग 1954 मध्ये रूढ झालेल्या आरआयएए वक्रावर बांधलेला असतो. हा वक्र 1,000 हर्ट्झच्या तुलनेत 5,000 हर्ट्झला सुमारे 8 डेसिबल, तर 10,000 ला जवळपास 14 डेसिबल कपात करतो. एलपी कापताना तेवढीच वाढ दिलेली असते, म्हणून तिथे हिशेब जुळतो. जुन्या 78 तबकड्यांत बहुधा ती वाढ नसते. साहजिकच मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, जी वरच्या स्वरांशांतच असते, नेमकी तीच बोथट होते. म्हणून पहिली मागणी वक्र निवडण्याच्या बटणाची. दुसरी मोनो बटणाची: या तबकड्यांत सुई आडवी हलते, दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभ्या हालचालीची खरखर बरीचशी आपसांत कटते.

नंतर ट्रेबल वाढवले की झाले, असे कोणी म्हणेल. थोडेफार जमते, पण ट्रेबलच्या बटणाचा उतार आरआयएएच्या उताराशी जुळत नाही, शिवाय खालच्या स्वरांतली चूक तशीच राहते. शुद्धतावादी उलट टोकाला जाऊन टोन कंट्रोलच नको म्हणतात. फरशी आणि उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यात तो हट्ट महाग पडतो. बास-ट्रेबल असावेत, सोबत ते वगळणारे बटणही. मात्र 1925 पूर्वीच्या, कर्ण्यातून केलेल्या ध्वनिमुद्रणात काळी एकचा खर्ज (सुमारे 69 हर्ट्झ) मुळात उतरलेलाच नाही. बास कितीही फिरवा, हाती लागते ती मोटरची घरघर. तिथे 20–30 हर्ट्झखालचे गाळणारा फिल्टर जास्त कामाचा. सांगली किंवा सातारा आकाशवाणीला यातले काही लागत नाही, आवश्यक दुरुस्ती रेडिओतच होते.

हे सगळे संगणकात करता येते, हा आक्षेप रास्त आहे, आणि जतनासाठी तोच मार्ग बरा. पण मग रेकॉर्डिंगचे आउटपुट टोन कंट्रोलच्या आधीच निघायला हवे, नाहीतर आपल्या दिवाणखान्यासाठी वाढवलेला बास त्या प्रतीत कायमचा बसतो.