ज्वारीची भाकर आणि आंतड्यांचें आरोग्य

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा हमरस्ता मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघाला, कीं वाटेंत वडनेर भोलजी हें गांव लागतें. बुलढाणा जिल्ह्याचा हा भाग काळ्या, कसदार जमिनीचा. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि घरीं दुभतें असल्यास ताक, हें या मुलखाचें परंपरागत जेवण. शहरच्या पाहुण्यास तें ओबडधोबड वाटावें. परंतु पोटाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं गेल्या शंभर वर्षांत जीं तत्त्वें शोधून काढलीं, त्यांतील बरींचशीं या एका ताटांत सांपडतात. आणि या ताटांत काय उणें पडलें असतां मनुष्य आजारी पडतो, तेंहि त्याच शास्त्रानें दाखविलें आहे.

या संशोधनाचा पाया हिंदुस्थानांतच घातला गेला. सर रॉबर्ट मॅकॅरिसन हे सैनिकी वैद्यक खात्यांतील डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभीं गिलगिट प्रांतांत होते. तेथील हुंझा लोकांत आपल्या नऊ वर्षांच्या नोकरींत जठरव्रण, आंत्रपुच्छदाह किंवा जुनाट अपचन यांचा रुग्ण आढळला नाहीं, असें त्यांनीं पुढें नमूद केलें. हुंझांच्या आरोग्याचें हें चित्र जरा अधिकच उजळ होतें, असें नंतरच्या अभ्यासकांना वाटलें. परंतु त्यांतून उद्भवलेला प्रश्न मोलाचा होता. निलगिरींतील कुन्नूर येथें मॅकॅरिसन यांनीं माकडांना उष्णतेनें जीवनसत्त्वें नष्ट केलेलें अन्न दिलें. त्यांना अतिसार आणि आमांश जडला. जठराचें व आंतड्यांचें अस्तर झिजलें. चांगलें अन्न मिळालेलीं माकडें मात्र निरोगी राहिलीं. 1921 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत हे निष्कर्ष आहेत. रोगजंतु बाहेरून येतात हें खरें. पण त्यांना आंत थारा मिळावा कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं अन्न ठरवितें, असा त्यांचा आशय होता.

पुढें त्यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घालून त्यांची वाढ तपासली. शीख व पठाण यांच्या आहारानंतर तिसरा क्रमांक मराठ्यांच्या आहाराचा लागला आणि मद्रासकडील पांढऱ्या तांदुळाचा आहार सर्वांत खालीं राहिला. कुन्नूरची ही प्रयोगशाळा 1958 सालीं हैदराबादेस हलविण्यांत आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था होय.

हैदराबादेंतच ज्वारीच्या कथेची दुसरी बाजू पुढें आली. दख्खनच्या पठारावरील, मुख्यतः ज्वारीवर राहणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नांवाचा रोग दिसे. उन्हास उघडी असलेली त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि पुढें बुद्धीलाहि भ्रंश होतो. हा रोग संसर्गाचा नसून आहाराचा आहे, हें अमेरिकेंत जोसेफ गोल्डबर्गर यांनीं 1915 च्या सुमारास दाखविलें होतें. तेथें तो मका खाणाऱ्यांत होता. 1960 सालीं डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनीं असें मांडलें, कीं ज्वारींतील ल्यूसीन या द्रव्याच्या आधिक्यामुळें शरीरास नायासीन हें जीवनसत्त्व पुरेसें लाभत नाहीं. हा तर्क पुढें वादाचा ठरला. वादातीत राहिलें तें इतकेंच, कीं भाकरीशेजारचें वरण, भाजी आणि दूध नाहींसें झालें, कीं भाकर एकटी मनुष्यास तारीत नाहीं. कोरडी भाकर आणि ठेचा यांवर मोसम काढणाऱ्या मजुराच्या दृष्टीनें हा फरक जिवाशीं गांठ घालणारा होता.

मग ज्वारीचा गुण तो कोणता? शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें 10 ग्रॅम तंतुमय द्रव्य असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत तें 3 ग्रॅमहि नसतें. हें द्रव्य मनुष्याच्या पाचकरसांनीं पचत नाहीं. तें मोठ्या आंतड्यांत पोंचतें, तेव्हां तेथील कोट्यवधि सूक्ष्म जंतु त्यावर गुजराण करतात आणि त्यापासून ब्यूटिरेटसारखीं आम्लें तयार करतात. आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य इंधन तेंच. तंतु मिळाले नाहींत तर हे जंतु अस्तरावरील संरक्षक श्लेष्माच कुरतडूं लागतात, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. म्हणजे घरच्या माणसांबरोबर या अदृश्य भाडेकऱ्यांचेंहि पोट भरावें लागतें.

महाराष्ट्रांतील कर्करोगाच्या नोंदींकडेहि या संदर्भांत पाहावें लागतें. 1963 सालीं मुंबईंत आणि 1987 सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें नोंदणी सुरू झाली. बार्शीची नोंदणी देशांतील पहिली ग्रामीण नोंदणी. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानानें मुंबईंत कमी आणि ज्वारीच्या मुलखांतील बार्शीस त्याहूनहि कमी आढळलें. याचें सारें श्रेय भाकरीस देणें शास्त्राला धरून होणार नाहीं. अंगमेहनत, वयोमान आणि निदानाच्या सोयी यांचाहि त्यांत वांटा आहे. तथापि आहाराचा संबंध नाकारतां येत नाहीं.

आतां हें ताट बदललें आहे. 1867 सालीं लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला आणि कापसाचा व्यापार वाढला, तरी ज्वारी टिकली. कारण तिचा कडबा बैलांना लागे. पुढें बैल कमी झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सोयाबीननें ज्वारीचें शेत घेतलें. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं 5 किलो धान्याचा हक्क दिला आणि 2023 च्या जानेवारीपासून तें मोफत झालें. पण तें मुख्यतः तांदूळ व गहूं असतें. उपासमार टाळण्याच्या दृष्टीनें ही मोठीच गोष्ट आहे. गव्हाच्या न चाळलेल्या कणकेंतहि तंतु भरपूर असतात. तेव्हां दोष गव्हाचा नव्हे. दोष आहे तो मैद्याचा, बिस्किटांचा आणि वरण-भाजीस मुकलेल्या पांढऱ्या भाताचा.

ज्वारी पूर्वीं गरिबाचें धान्य म्हणून हिणविली जाई. 2023 हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरें झालें, तेव्हां तीच शहरांतील दुकानांत सुबक पिशव्यांतून मिरवूं लागली. ती तेथें मिळूं लागली हें चांगलेंच. परंतु जिनें ती पिढ्यान् पिढ्या थापली, त्या वडनेर भोलजीच्या गृहिणीस आज ती विकत घ्यावयाची झाल्यास मोफतच्या तांदुळापुढें परवडत नाहीं. तिच्या चुलीवर भाकर परत यावी आणि तिच्या शेजारीं वरणाची वाटी व पालेभाजीहि असावी, एवढें साधलें तर कुन्नूर आणि हैदराबाद येथील परिश्रम खऱ्या अर्थानें कामीं आले, असें म्हणतां येईल.