उज्जयिनीचा काळभैरव आणि मद्याचा नैवेद्य

उज्जयिनीस जाणारा आपल्याकडील यात्रेकरू प्रथम महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेचे स्नान करतो, हरसिद्धीस ओटी भरतो आणि मग कोणीतरी सांगितले म्हणून भैरवगडच्या बाजूस काळभैरवाकडे वळतो. तेथे पोहोचल्यावर मात्र त्याची पावले क्षणभर अडखळतात. कारण या देवाचा नैवेद्य पेढ्यांचा नाही, खिरीचा नाही. तो मद्याचा आहे.

सन २०१५च्या हिवाळ्यात आम्ही मातोश्री व वृद्ध मामा यांच्यासह तेथे गेलो, तेव्हा देवळाबाहेरील दुकानांत नारळ, फुले, उदबत्ती आणि मद्याची बाटली अशी एकत्र टोपली मिळत असे. मातोश्रींनी बराच विचार करून वोडकाची लहान बाटली निवडली. "निदान तीर्थासारखी दिसते तरी," एवढेच त्या म्हणाल्या. पुजाऱ्याने बाटलीतील थोडे मद्य बशीत ओतले, बशी देवाच्या मुखास लावून कलती केली आणि पाहता पाहता ती रिकामी झाली. उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत आमच्या हाती आली. आमच्या मामांनी वैद्यांच्या आज्ञेवरून चार वर्षांपूर्वी मद्य वर्ज्य केले होते. मातोश्रींनी आम्हांस विचारले, "तू वकील ना? मग सांग, हा प्रसाद नाकारता येतो का?" आम्ही हसून म्हणालो, "प्रसादाच्या एका घोटाने काय होणार आहे?" त्या हलक्या उत्तराचे ओझे आम्ही आजही वाहतो. त्याविषयी पुढे लिहूच. आधी या नैवेद्याचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

उज्जयिनीशी आपल्या समाजाचे नाते केवळ यात्रेचे नाही. दिल्लीच्या सुलतान इल्तुत्मिशाने तेराव्या शतकात महाकालाचे देवालय उद्ध्वस्त केले. पुढे पाचशे वर्षांनी, माळव्यात मराठ्यांचा अंमल बसल्यावर, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला, तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे रामचंद्र मल्हार सुखटणकर, यांच्या हातून. हे गृहस्थ श्रीमंगेशाचे निःसीम भक्त होते. सन १५६०मध्ये कुशस्थळीहून अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आलेल्या श्रीमंगेशास सन १७३९मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव दिला, तो याच रामचंद्रबाबांच्या सांगण्यावरून. ज्याने मंगेशीच्या देवाची व्यवस्था लावली, त्यानेच महाकालाचे शिखर पुन्हा उभे केले. म्हणून उज्जयिनीच्या आचाराविषयी बोलताना आम्हांस परक्या घराविषयी बोलल्यासारखे वाटत नाही.

काळभैरवाच्या देवळावरही मराठ्यांचा ठसा आहे. सन १७६१च्या पानिपतात पायास कायमची जखम घेऊन निसटलेल्या महादजी शिंद्यांनी आपली पगडी या देवाच्या चरणी ठेवून गेलेले वैभव परत मिळावे असे मागणे मागितले, आणि पुढे यश आल्यावर देवळाचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा सांगतात. दहा वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, हा तर इतिहासच आहे. आजही देवाच्या मस्तकी शिंदेशाही पगडी दिसते. पराभूत सरदाराने मानाची पगडी ज्याच्यापुढे उतरवावी, तो देव राजवाड्यातला नसून वेशीवरचा असावा, यात एक मर्म आहे. भैरव हा क्षेत्रपाल. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात उज्जयिनीच्या भैरवांचे माहात्म्य आहे. आपल्याकडेही मुख्य देवाच्या प्राकारात काळभैरवास स्थान असते. मंगेशीच्या परिवारदेवतांत तो आहेच. घराच्या मालकास पंचपक्वान्न आणि राखणदारास त्याच्या आवडीचे, ही कोकणातील राखणदाराची कल्पना ज्यास ठाऊक आहे, त्यास उज्जयिनीची ही व्यवस्था समजण्यास जड जाऊ नये.

मद्य हे या भूमीस नवे नाही. स्मृतिकारांनी सुरेचे तीन प्रकार सांगितले: गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी आणि मोहाच्या फुलांची किंवा मधाची ती माध्वी. ब्राह्मणास तिन्ही वर्ज्य केल्या; परंतु ज्याचा निषेध करावयाचा त्याचे इतके बारकाईने वर्गीकरण ज्या समाजाने केले, त्या समाजात ती वस्तू घरोघर परिचित होती, हे उघड आहे. आजची वोडका बहुधा धान्यापासून होते; म्हणजे जातीने ती पैष्टीच्या जवळची. तिचे नाव स्लाव्ह भाषांतील पाणी या अर्थाच्या 'वोदा' शब्दाचे लघुरूप असून, हा 'वोदा' आणि आपले संस्कृत 'उदक' एकाच मुळातून निघाले आहेत. मातोश्रींस ती तीर्थासारखी दिसली, यात शब्दशास्त्राचाही थोडा आधार होता म्हणावयाचा!

मद्याबरोबर काय खावे, याचाही विचार आपल्या पूर्वजांनी केला होता. ज्यास आज चखणा म्हणतात, त्यास संस्कृतात 'अवदंश' किंवा 'उपदंश' असा शब्द आहे. पानाबरोबर खावयाचा पदार्थ या अर्थाने 'अवदंश' शब्दाची नोंद अमरकोशात आहे. आणि त्या कोशाचा कर्ता अमरसिंह हा परंपरेने उज्जयिनीच्याच विक्रमादित्याच्या नवरत्नांपैकी एक मानला जातो. शूद्रकाच्या मृच्छकटिकात तर सारे उज्जयिनी नगरच उभे आहे. वसंतसेनेच्या वाड्यातील एका चौकात हिंगातेलाचा वास दरवळतो, मोदक वळले जातात, अपूप तळले जातात. आणि शेवटच्या चौकात तिची आई मद्यपानाने स्थूल झालेली दिसते. नाटककार उपदेश करीत नाही. स्वयंपाकघराचा सुवास आणि मद्याचा परिणाम, दोन्ही तो एकाच वाड्यात दाखवतो आणि पुढे जातो.

रशियन लोक वोडकाबरोबर खारवलेला हेरिंग मासा, आंबवलेली काकडी, अळंबी आणि राय धान्याचा काळा पाव घेतात. या खाण्यास ते 'झाकुस्का' म्हणतात. त्यामागे केवळ जिभेचे चोचले नाहीत. पोटात अन्न असले म्हणजे मद्य जठरातून आतड्यात सावकाश उतरते, रक्तात सावकाश मिसळते आणि त्याचा तडाखा मंद होतो. आमच्या सारस्वत वाचकास खारा मासा आणि आंबट लोणचे यांची ही जोडी ऐकून आपल्या पेजेच्या पानाची आठवण होईल. फरक इतकाच, की आपण ते पेजेबरोबर खातो.

उज्जयिनीच्या देवतांनाही मद्य रिकामे दिले जात नाही. आश्विनातील महाष्टमीस तेथे नगरपूजा होते. चोवीस खांबांच्या वेशीतील महामाया आणि महालया या देवतांना जिल्ह्याचे कलेक्टर मद्याचा नैवेद्य दाखवतात, असा प्रघात आहे. मग छिद्र पाडलेल्या हंडीतून मद्याची धार सोडीत सुमारे २७ किलोमीटरचा फेरा होतो आणि वाटेत चाळीसेक देवस्थानांची पूजा होते. या धारेबरोबर पुऱ्या, भजी, भिजवलेले हरभरे आणि गव्हाची घुगरी वाहतात. हा चखणा नव्हे काय, असे कोणी थट्टेने म्हणेल. परंतु तंत्रमार्गातील पंचमकार ज्याने वाचले आहेत, त्यास हे अन्न ओळखीचे वाटेल. त्यांत मद्याबरोबर मांस, मत्स्य आणि मुद्रा येतात, आणि मुद्रा म्हणजे भाजलेले अथवा तळलेले धान्य असा अर्थ तंत्रग्रंथांत दिलेला आहे. मांसाची जागा भज्यांनी घेतली, धान्य मात्र धान्यच राहिले.

आता कायद्याची बाजू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. मद्याची विक्री ठरल्या ठिकाणी आणि मोजक्या प्रमाणात व्हावी, असे बंधन तो घालतो. पण उत्सव, समाज आणि यात्रा या प्रसंगी चार दिवसांची मोकळीक देतो. म्हणजे देवाच्या निमित्ताने सवलत आणि एरवी नियंत्रण, हे धोरण सुमारे दोन हजार वर्षांचे जुने आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने मादक पेयांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले. २५व्या कलमाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवून. सन १९५४च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच पाहावे. आणि देवास ठरल्या वेळी नैवेद्य दाखवणे हे धर्माचरणात मोडू शकते, असे उदाहरणही दिले.

या कसोटीवर काळभैरवाच्या दारी तीन निरनिराळ्या गोष्टी घडतात. देवास अर्पण करणे ही एक, दारात मद्य विकणे ही दुसरी आणि परत आलेले मद्य पिणे ही तिसरी. पहिली गोष्ट उपासना आहे. दुसरी व्यापार आहे आणि राज्य तिला आवर घालू शकते. १ एप्रिल २०२५पासून मध्यप्रदेश सरकारने उज्जयिनीसह १९ पवित्र नगरे व गावे यांतील मद्याची दुकाने बंद केली. काळभैरवापुढील विक्री त्यात थांबली, परंतु अर्पणाची परंपरा थांबली नाही. भक्त नैवेद्य बाहेरून आणू लागले. कायद्याने येथे अर्पण आणि विक्री यांत योग्य रेषा ओढली, असे आमचे मत आहे. तिसऱ्या गोष्टीची रेषा मात्र कोणताही कायदा ओढू शकत नाही. ती ज्याची त्याने ओढावयाची असते.

आमच्या मामांच्या बाबतीत ती आम्ही ओढू शकत होतो, आणि ओढली नाही. त्या रात्री धर्मशाळेत त्यांनी प्रसादाचा घोट घेतला, बरोबर शेव खाल्ली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसले. आम्हांसही ते बरे वाटले. घरी परतल्यावर मात्र प्रसादाचा दिवस आठवड्यातून एकदा येऊ लागला, मग रोज. चखण्याच्या ताटलीने दुखण्याचा वेग मंदावला असेल. दुखणे टळले नाही. सव्वादोन वर्षांनी ते गेले. देवाने त्यांस मद्य पाजले नाही. देवाचे नाव पुढे करून आम्ही पाजले.

मागाहून ग्रंथ चाळताना आम्हांस मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर सापडले आणि ते किती जवळ होते हे पाहून खेद झाला. तंत्रशास्त्रात 'अनुकल्प' म्हणून एक तत्त्व आहे. मुख्य द्रव्य ज्यास वर्ज्य, त्याने पर्यायी द्रव्य वापरावे. पूजेस न्यून येत नाही. मद्याचा एक अनुकल्प म्हणजे काशाच्या पात्रातील नारळाचे पाणी. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर, शास्त्राने नियमाबरोबरच अपवादाचेही कलम लिहून ठेवले होते. आम्ही ते न वाचताच वकीलपत्र घेतले. आणि प्रसादाचा मान कपाळी लावण्यानेही राखला जातो. तो घशाखाली उतरवलाच पाहिजे असे कोठेही नाही.

गेल्या वर्षी मातोश्रींना घेऊन आम्ही पुन्हा उज्जयिनीस गेलो. दारातील बाटल्यांची दुकाने नव्हती. फुलांची आणि नारळांची होती. मातोश्रींनी घरून काशाची वाटी नेली होती. नारळ फोडून त्याचे पाणी त्यांनी तीत धरले आणि पगडीखालच्या त्या उग्र मुखाकडे पाहत वाटी पुढे केली. पुजाऱ्याने काही विचारले नाही. बाटलीस लावतो तसाच हात वाटीस लावला. उरलेले पाणी आम्ही दोघांनी तळहातावर घेतले. मातोश्री म्हणाल्या, "हे तेव्हा सांगितले असतेस तर." आमच्याजवळ उत्तर नव्हते. हे लिहून ठेवण्याचे कारण एवढेच, की ज्या वाचकांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी आमच्यासारखे उशिरा शहाणे होऊ नये.